पाण्यातली माणसं मोजायची नसतात

१८ मे

खलाशाचं प्रमाणपत्र मिळालं. शिक्का मारलेला कागद घेऊन मी धावतच धक्क्यावर गेले. बाबा ‘कालोतिना’च्या डेकवर बसून जुन्या दोरीची वेटोळी करत होता. त्याने कागद हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि न वाचताच परत दिला.

“छान आहे. होडी बुडाली तर हा तरी तरंगेल.”

मला हसू आलं नाही. माझ्या कागदांचं त्याला काही वाटत नाही हे ठाऊक आहे, तरी दर वेळी नव्याने लागतं. खरं तर मी तक्रार करायला नको. रोड्स बेटावर राहून मास्तरकी शिकले ती पर्यटकांना फिरवणाऱ्या याच होडीच्या कमाईवर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी गावच्या शाळेपलीकडे गेलेलं नाही. बाबा तर मिसरूड फुटायच्या आधीच पाण्याच्या तळाचे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांबरोबर समुद्रावर गेला. सप्टेंबरात हंगामी शिक्षकांची यादी लागेल आणि मला कुठल्यातरी बेटावर शाळा मिळेल. तोवरचा हा उन्हाळा बाबाचा. ईस्टरला त्याने आपणहून फोन केला होता. “एक उन्हाळा दे मला. मग जा कुठे जायचं तिथे.” त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. एवढ्या आश्चर्यात ‘का’ विचारायचं राहूनच गेलं.

२३ मे

पहिलं भांडण झालं, आणि अजून एकही पाहुणा होडीत चढलेला नाही.

प्रशिक्षणात आम्हाला घोकून घेतलंय: पाहुणे पाण्यात उतरले की मोजायचे, वर आले की मोजायचे, आकडा कप्तानाला मोठ्याने सांगायचा, त्याशिवाय इंजिनाला हात नाही. मी हे सांगितल्यावर बाबाने रंगाचा ब्रश खाली ठेवला.

“या होडीवर पाण्यातली माणसं मोजायची नसतात.”

मला ते माहीत होतं. आजोबांच्या काळी स्पंजाच्या होड्या ईस्टरनंतर निघायच्या आणि हिवाळ्याच्या तोंडावर परतायच्या. निघताना जेवढे असत तेवढे परतताना नसत, आणि परतलेल्यांतले पुष्कळ खोल पाण्याच्या दाबाने अधू होऊन लंगडत घरी यायचे. आजोबाही तसेच आले. पाण्यातल्या माणसांचा आकडा तोंडातून काढला की समुद्र तो ऐकतो आणि एकाला ठेवून घेतो, ही तेव्हाची समजूत. म्हणून बाबाची पद्धत वेगळी. छपराखाली एक लांब फळी आहे, तिला लाकडी खुंट्या. प्रत्येक पाहुण्याची खुंटी ठरलेली, तिला त्याच्या रंगाची फीत, तिच्यावर त्याचा पाण्यात बघायचा मास्क आणि श्वासाची नळी. खुंटी रिकामी म्हणजे माणूस पाण्यात. सगळे मास्क जागेवर आले की निघायचं.

“आणि मास्क ठेवून कुणी परत उतरलं तर?”

“मास्क न लावता पाण्यात काय बघणार? स्वतःची बेंबी?”

“तरी पण, बाबा, समजा—”

“समजा, समजा! मास्तरीणबाई, तुझ्या शाळेत बुडालेत किती?”

थेमेलीना आत्या जेवणाचा डबा घेऊन आली होती. आई गेल्यापासून घर तीच बघते. जवाचे टोस्ट पाण्यात भिजवत ती म्हणाली, “दोघांचंही खरं करा. ती मनात मोजेल, तू खुंट्या बघ. आणि आता खा, टोमॅटोला पाणी सुटलंय.”

तसं ठरलं. पण मनात मोजणं हे नियमात बसतं का, याचा मी अजून विचार करते आहे.

६ जून

पहिली फेरी. सात-आठ जणच असतात, बाबा जास्त घेत नाही. तेलेंदोस बेटाच्या मागच्या बाजूला नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की वाळूवर होडीची सावली दिसत होती.

एका जोडप्याची मुलगी पाण्याला घाबरत होती. बाबाने तिच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. स्पंजाच्या होडीवर तो हेच करायचा, खालच्या पाणबुड्याची दोरी सांभाळायचा. मलाही असंच पोहायला शिकवलंय. एक झटका म्हणजे ‘मी इथे आहे, तू आहेस तिथेच राहा.’ दोन झटके म्हणजे ‘मला वर घे.’ मुलीला भाषा कळत नव्हती, पण झटके लगेच कळले. मला उगाच भरून आलं.

एक गोष्ट मात्र खटकली. जाताना त्याने मला पुढच्या टोकाला उभं केलं आणि सुकाणूवरून ओरडून विचारत राहिला, “समोर काय आहे? पांढरा बोया कुठे? डावीकडे म्हणजे किती डावीकडे?” या पाण्यात त्याचा जन्म गेला आहे. हे तरंगते बोये त्यानेच बांधलेत. पाहुण्यांसमोर माझी तोंडी परीक्षा कशाला? मी सगळी उत्तरं दिली. एकही चुकलं नाही. त्याने ‘बरं’ एवढंच म्हटलं.

१९ जून

बाबा आज इंजिनाचा एक भाग आणायला कोस बेटावर गेला, सकाळच्या बोटीने. आत्याही सोबत गेली. तिला इंजिनातलं काय कळतं, देव जाणे. दोघं संध्याकाळी रिकाम्या हाताने परतले. भाग मिळाला नाही म्हणाला. आत्याचे डोळे लाल होते. वारा लागला म्हणाली.

मी दिवसभर होडी घासली. बाबाने जाताना सांगितलं होतं तसं खुंट्यांच्या बारीक फिती काढून मोठ्या, भडक रंगाच्या बांधल्या. दिसायला अगदी जत्रेतल्यासारख्या दिसतात. मला त्या आवडल्या नाहीत, पण होडी त्याची आहे.

४ जुलै

बाबा बदलला आहे. की तो असाच होता आणि मी चार वर्षं लांब राहून विसरले? अन्याय होऊ नये म्हणून दोन्ही शक्यता लिहून ठेवते.

कॉफीहाउसात नोमिकोसकाकांशी सोंगट्यांचा डाव मांडणं त्याने बंद केलं आहे. म्हणतो, तो लबाडी करतो. नोमिकोसकाका मला धक्क्यावर भेटले तेव्हा बिचारे रडकुंडीला आले होते. “सेवास्ती, मी त्याचं काय वाईट केलं? इतकी वर्षं मी लबाडी करतोच आहे, तेव्हा चालायची!”

होडीवर खुंट्या बघायची त्याची तऱ्हाही बदलली आहे. पूर्वी एक नजर टाकून मोकळा व्हायचा. आता सगळे मास्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपत जातो, जपमाळ ओढल्यासारखा. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते, ते फोटो काढतात. मला वाटतं तो मला खिजवतो. जणू सांगतोय, तुझा आकडा तुझ्यापाशी ठेव, हे बघ, मी हात लावून खात्री करतो.

काल कॉफी ओतताना पेल्याच्या काठावर बोट ठेवून ओतत होता. बोट भाजलं. मी हसले तर म्हणाला, “गरम आहे का ते बघत होतो.”

१५ जुलै

आज जे झालं ते मला कळलेलं नाही.

प्सेरिमोस बेटापाशी सगळे वर आले. टॉवेल, टरबूज, गडबड चालली होती. मी नेहमीप्रमाणे मनात मोजलं आणि नांगराकडे निघाले. बाबाने मास्क चाचपले, मग माझ्याकडे तोंड करून, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं, “किती?”

ज्या माणसाने लहानपणी मी लाटांवरच्या सीगलपक्ष्यांना मोजत होते तेव्हाही माझ्या तोंडावर हात ठेवला होता, तो माणूस विचारतो आहे, किती.

“काय?”

“माणसं. किती आहेत होडीवर? तुझ्या शाळेत शिकवलं नाही का मोजायला?”

मी आकडा सांगितला. तो म्हणाला, “नक्की?” मी परत मोजलं. परत सांगितला. मगच इंजिन सुरू केलं.

माझं ऐकलं असं समजून मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या आवाजात ऐकल्याचा भाव नव्हता. धार होती. माझ्या नियमाची तो टर उडवतो आहे, दुसरं काही असूच शकत नाही.

२८ जुलै

रोज तेच. उतरताना ‘किती?’, चढताना ‘किती?’, आणि दर वेळी ‘नक्की?’ वाटेत ‘समोर काय?’, ‘ती होडी येतेय की जातेय?’, ‘पाण्याचा रंग सांग’. माझ्या उत्तरावर मला स्वतःलाच भरवसा उरलेला नाही. बोटं दुमडून मोजते, मग वाटतं एकाला दोनदा मोजलं. झोप लागत नाही. शाळेत पोरांना सहलीला नेईन तेव्हा काय करणार आहे मी?

आत्याला सगळं सांगितलं. ती ऑक्टोपसच्या भज्यांचं पीठ फेटत होती.

“तो विचारतो ना? मग सांगावं.”

“पण तो मला छळतोय, आत्या. पाहुण्यांसमोर.”

“छळ कशाला म्हणतात ते तुला अजून ठाऊक नाही, बाळा.” मग फेटायचं थांबवून म्हणाली, “सेवास्ती, हा एक उन्हाळा त्याला उत्तर देत जा. एवढंच. मला जास्त विचारू नकोस. मी शपथ घेतलेली बाई आहे.”

शपथ कसली विचारलं तर तेल तापलं म्हणून उठली. ती नेहमी भावाचीच बाजू घेते.

९ ऑगस्ट

उन्हाळ्यातला मेल्तेमी वारा सुटला आहे. दिवसभर वारा, सगळ्यांची डोकी फिरलेली.

आज होडीवर आग्नेतेबाई होत्या. डेन्मार्कच्या, एकट्या येतात, हे त्यांचं तिसरं वर्ष. पिवळी फीत दर वर्षी त्यांचीच. वय झालंय, पण पाण्यात माशासारख्या. पूर्ण आठवड्याच्या फेऱ्या घेतल्या आहेत. त्यांना आपली भाषा थोडी येते. परत येताना मला म्हणाल्या, “वडील तुला फार विचारतात. तू चांगली विद्यार्थिनी आहेस.” त्या प्रेमानेच म्हणाल्या असतील. माझे कान तापले.

धक्क्याला लागल्यावर मी बाबाला म्हटलं, “मी तुझी विद्यार्थिनी नाही. उद्यापासून तू तुझ्या खुंट्या बघ. मी एकही आकडा सांगणार नाही.”

तो दोरी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. वाटलं आता ओरडेल. मी तयार होते. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, “थोडेच दिवस राहिलेत, पोरी.”

“म्हणजे काय?”

“काही नाही. जा, आत्या वाट बघत असेल.”

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं वाटलं.

११ ऑगस्ट

क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

वारा वाढत होता, होडी खडकाकडे सरकत होती, निघायची घाई होती. सगळे वर आले. मी पुढे नांगर ओढत होते. आग्नेतेबाईंनी पिवळ्या खुंटीवर मास्क टांगला. ते मी पाहिलं. त्यानंतर त्या उन्हाने भाजलेल्या खांद्यांची आग शमवायला मागच्या शिडीवरून पुन्हा पाण्यात उतरल्या. ते मी पाहिलं नाही. मनातही मोजलं नव्हतं. मुद्दाम मोजलं नव्हतं.

बाबाने मास्क चाचपले. सगळे होते. त्याने माझ्या दिशेने ओरडून विचारलं, “किती?”

मी म्हटलं, “खुंट्यांना विचार.”

तो थांबला. वळून मागे पाहिलं. मीही तेव्हाच मान वळवली, आणि मला पाण्यात आग्नेतेबाईंची पांढरी टोपी दिसली. शिडीच्या अगदी जवळ. बाबा सरळ तिच्याकडे बघत होता. तिच्यावर त्याची नजर खिळलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मी किंचाळेपर्यंत त्याने इंजिन उलटं फिरवून होडी मागे घेतली होती.

त्यांचा पाय पंख्यात सापडला, पाणी लाल झालं. बाबा कपड्यांनिशी उडी मारून त्यांना दोन्ही हातांनी शोधत होता, त्या समोरच असताना. दोघांनी मिळून त्यांना वर घेतलं. मी पाय बांधला, प्रशिक्षणात शिकवलं तसा. हेलिकॉप्टरने त्यांना रोड्सला नेलं.

तो त्यांच्याकडे बघत होता. मग का?

१४ ऑगस्ट

आग्नेतेबाई जगतील. उजवं पाऊल वाचलं नाही.

उद्या मरियमेचा सण. शेजारच्या घरांतून भाजणाऱ्या पावाचा वास येतो आहे. आमच्याकडे कुणी येत नाही. बाबा अंगणात भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. मी त्याला विचारलं, “तू त्यांना पाहिलं होतंस ना?” तो म्हणाला, “हो. पाहिलं.” मला त्याच्याजवळ बसवेना.

१९ ऑगस्ट

बंदर कार्यालयात जबाब झाले. अधिकारी तरुण आहे, पात्रास शहराचा, नाव दियामांतिस. सभ्य वागला. आम्ही दोघं एका बाकावर. त्याने आधीच सांगितलं की दुखापतीचा खटला होणार, चूक कुणाची तेवढं ठरायचं आहे, आणि ज्याच्यावर खटला त्याला सरकारी नोकरीचं दार बंद.

बाबा एका दमात बोलला, पाठ केल्यासारखा. “मी मागे पाहिलं. बाई मला दिसली. अंतराचा अंदाज चुकला. मुलगी नांगरावर होती, तिचा संबंध नाही. तिला मी काही विचारलं नव्हतं.”

विचारलं नव्हतं! मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“कप्तानाने मागे पाहिलं का?” दियामांतिसने मला विचारलं.

“पाहिलं. सरळ त्यांच्याकडे. पण त्याआधी बाबाने मला—”

बाबाने माझी बाही ओढली. एकच झटका. आहेस तिथेच राहा. आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी गप्प झाले. दियामांतिसने पुढचा प्रश्न विचारला.

मी खोटं काही बोललेले नाही. पण जे बोलले ते खरंही नाही. आपण मला विचारलं होतं हेसुद्धा तो कबूल करत नाही. माझ्यावर तो इतका रागावला आहे का, की त्या दिवशी मी होडीवर होते हेच पुसून टाकावं?

आत्याला हे सांगितलं तर ती ओट्याला धरून रडायला लागली. “मी बोलू शकत नाही,” म्हणाली. “तुझ्या आईच्या दिव्यासमोर शपथ घेतलीय मी. तूच बघ. नीट बघ ना, पोरी.”

२ सप्टेंबर

यादी लागली. माझं नाव आहे. अस्तिपालिया बेटावरची शाळा.

मी बाबाला सांगितलं. तो हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून अंगठ्यांनी भुवयांवरून, गालांवरून हळूहळू फिरवत राहिला. “चला,” म्हणाला, “झालं एकदाचं.”

मला आनंद होत नाही. या हातांनी पोरांना मोजायचं आहे मला.

५ सप्टेंबर

आज निकाल सांगायला बोलावलं होतं. बाबाचा परवाना रद्द. खटला त्याच्यावर. “मुलीवर काही नाही,” दियामांतिस म्हणाला, आणि बाबाने असा श्वास सोडला की जणू त्याच्या पाठीवरचं पोतं कुणी उतरवलं.

मग दियामांतिस टेबलामागून उठून समोर आला. “कप्तान स्केवोस, माझे आजोबाही समुद्रावर होते. मला हे करायला आवडलं नाही.” आणि त्याने हात पुढे केला.

“तुझं काम तू केलंस, बाळा,” बाबा म्हणाला. आवाज प्रेमळ होता. चेहरा बरोबर दियामांतिसच्या चेहऱ्याकडे. ओठांवर हसू. आणि दोन्ही हात टोपीवर, मांडीत.

दियामांतिसचा हात तसाच राहिला. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं होतं. बाबा हसत होता आणि तो हात हवेत होता.

दियामांतिसचा चेहरा पडला. त्याने हात मागे घेतला. “हातसुद्धा द्यायचा नाही? ठीक आहे. तुमच्या मनातला राग मी समजू शकतो.”

बाबा गोंधळला. “राग? कसला राग?”

पुढे आलेला हात त्याला दिसलाच नव्हता. दियामांतिसला जे वाटलं ते मला सगळा उन्हाळा वाटत आलं होतं. समोर काय आहे, सांग. पाण्याचा रंग सांग. किती? नक्की? मी चार वर्षं शिकले, मुलांना कसं ओळखावं हे शिकले, कोण मागच्या बाकावर बसून फळा दिसत नाही म्हणून दंगा करतं हे ओळखायला शिकले.

आणि त्याने जबाबात काय सांगितलं? मला दिसली. न दिसलेली बाई त्याने दिसली म्हणून सांगितली. कारण त्याला दिसत नव्हतं असं म्हटलं, तर होडीवरचे डोळे कुणाचे होते, हा पुढचा प्रश्न.

मी म्हटलं, “साहेब, माझा जबाब अपुरा राहिला आहे.”

बाबाचा हात चाचपडत माझ्या बाहीपर्यंत आला. एक झटका. जोराचा.

मी त्याची बाही धरली आणि दोनदा ओढली.

त्याचा हात सैल पडला. “नको, पोरी,” एवढंच म्हणाला. पण वर घे म्हणणाऱ्याची दोरी त्याने जन्मात कधी सोडलेली नाही, आणि आजही त्याने मला अडवलं नाही.

मी सगळं सांगितलं. बाबाला दिसत नाही. दिसत नाही हे लपवून त्याने होडी चालवली, ही त्याची चूक. तो मला विचारायचा आणि मी सांगायचे, असं आम्ही दोघं ती चालवत होतो, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशीही त्याने विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. दियामांतिस उभ्यानेच ऐकत होता. मग खुर्चीत बसला, नवा कागद घेतला आणि म्हणाला, “सावकाश सांगा.” अस्तिपालियाचं काय होईल ते मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर बाबा माझा दंड धरून चालला. त्याने आजवर कधी असा धरला नव्हता, निदान लोकांदेखत तरी नाही. कॉफीहाउसासमोरून जाताना नोमिकोसकाका उठून उभे राहिले. त्याने मान वळवली नाही, आणि मी त्याला सांगितलं, “नोमिकोसकाका आहेत. उजवीकडे. उभे राहिलेत.” त्याने टोपी काढली. तो माझ्यावर रागावला आहे का, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि कळतं असं मी आता समजणारही नाही.

आमच्या गल्लीच्या पायऱ्यांपाशी तो थांबला. या पायऱ्या तो लहानपणापासून चढतो आहे. पाय पुढे करून पहिली पायरी चाचपली. मग परत मागे घेतला.

“किती?” म्हणाला.

मी मोजून सांगितल्या. तो चढायला लागला.